शेतजमिनीचे मोल आणि समाजाचा वाटा



या वसंतोत्सवात बोलण्यासाठी आम्हांस पाचारण करण्यात आले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याबद्दल चालकांशी आमचे थोडे बोलणे झाले. काव्य, प्रवास, चरित्र असे उन्हाळ्याच्या संध्याकाळी मनाला गारवा देणारे विषय बाजूस ठेवून आम्ही कराचा विषय सुचविला. तो ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेली चिंता आमच्या नजरेतून सुटली नाही. कर हा शब्द ऐकताच श्रोते उठून जातात, असा त्यांचा अनुभव असावा. तरीही त्यांनी संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

अशा व्याख्यानमालांची परंपरा आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांच्यापासून चालत आली. पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच वर्षी मे महिन्यात, पुण्यापासून फार दूर नसलेल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून गहाणखते आणि खतावण्या जाळल्या. एकीकडे शहरातील सुशिक्षित मंडळी व्याख्याने ऐकत होती, आणि दुसरीकडे आपली जमीन हातची जाते या भयाने कुणबी पेटला होता. या दोन घटना एकाच वर्षात पडल्या हा योगायोग खरा. पण शहराने व्याख्यान ऐकावे ते कशाबद्दल, याचे उत्तर त्या योगायोगात आहे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. म्हणून आज शहरात बसून आपण शहराबाहेरच्या शेताबद्दल बोलू. शेत विकले जाते तेव्हा आणि शेताचे बिगरशेती होते तेव्हा समाजाने त्यावर कर घ्यावा काय, घ्यावा तर कोणाकडून, केव्हा आणि किती, हा आजचा प्रश्न आहे.

आरंभी एक घरची हकिगत सांगतो. आमच्या चुलत्यांचा गावाच्या कडेला तीन एकरांचा मळा होता. एक विहीर, बांधावर दोन आंबे, आणि पाऊस बरा झाला तर वर्षाचे धान्य घरी येई. २००४ साली मुलीचे लग्न आणि सोसायटीचे थकलेले कर्ज अशा दुहेरी ओढीत त्यांनी तो मळा एकरी चार लाखांस विकला. घेणारे गृहस्थ सातबाऱ्यावर शेतकरीच होते. त्यांनी मळ्यात ज्वारी पेरली, पीकपाहणीला तिची नोंदही झाली. २००६ साली बाह्यवळण रस्त्याची आखणी झाली आणि तो मळ्याच्या पलीकडच्या शिवेवरून जाणार असे ठरले. २००७ साली त्या गृहस्थांनी तीच जमीन एकरी बावीस लाखांस एका बांधकाम करणाऱ्याला दिली. त्याने बिगरशेतीची परवानगी काढली, मुरमाचे रस्ते केले, खांब रोवले आणि २००९ साली गुंठ्यास अडीच लाख याप्रमाणे भूखंड विकले. आमच्या चुलत्यांच्या मुलाला घर बांधावयाचे होते. त्यानेही तेथेच एक गुंठा घेतला. एकराचे चाळीस गुंठे होतात हे आपण जाणता. बापाने गुंठा विकला दहा हजारांना, आणि लेकाने तो पाच वर्षांनी परत घेतला अडीच लाखांना!

श्रोतेहो, या व्यवहारात कोणी कोणास फसविले नाही. सर्व कागद कायद्याप्रमाणे झाले. म्हणूनच ती हकिगत आम्हांस अधिक बोचते. चोरी झाली असती तर चोर शोधता आला असता. येथे प्रश्न असा पडतो की, दहा हजारांचे अडीच लाख झाले, ते कोणी केले? चुलत्यांनी केले नाहीत; ते तर स्वस्तात विकून मोकळे झाले. मधल्या गृहस्थांनी तीन हंगाम ज्वारी पेरली, एवढेच. शेवटच्या गृहस्थाने मुरूम टाकला, खांब रोवले, नकाशे मंजूर करून घेतले. त्याच्या कष्टाचा आणि जोखमीचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, पण तेवढ्याने पंचवीसपट भरत नाही. बाकीची वाढ झाली ती रस्त्यामुळे, नळाच्या पाण्यामुळे, शेजारी निघालेल्या कॉलेजामुळे, आणि आपण सर्वजण येथे येऊन राहिलो त्यामुळे. ती वाढ समाजाने केली.

हा विचार नवीन मुळीच नाही. इंग्लंडात रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाचा सिद्धान्त मांडला. जमिनीचा मालक काही न करता लोकसंख्या आणि गरज वाढली की त्याचे उत्पन्न वाढते, हे त्याने दाखविले. पुढे जॉन स्टुअर्ट मिल याने अशा वाढीला न कमावलेली वाढ म्हटले आणि तिच्यावर समाजाचा हक्क सांगितला. अमेरिकेत हेन्री जॉर्ज याने १८७९ साली ग्रंथ लिहून सर्व कर काढून टाकावेत आणि केवळ जमिनीच्या मोलावर एकच कर ठेवावा असे प्रतिपादन केले. चीनमध्ये सन यत्-सेन यांनी त्यावर मोठी चतुर युक्ती सुचविली. मालकाने आपल्या जमिनीची किंमत स्वतःच सांगावी. कमी सांगितली तर सरकारने त्याच किमतीला ती विकत घ्यावी, जास्त सांगितली तर त्याने त्यावर कर भरावा. आणि पुढे जी वाढ होईल ती जनतेची असावी.

परंतु सिद्धान्त सुंदर असला म्हणजे तो शेतात रुजतोच असे नाही, याचा पहिला धडा आपल्याच जिल्ह्यांनी घेतला आहे. रिकार्डोचा सिद्धान्त डोक्यात घेऊन आलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास पुणे प्रांती जमीनमहसूल बसविला. खर्च वजा जाता उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे, असा त्याचा हिशेब. तत्त्व चोख होते. पण निव्वळ उत्पन्न मोजावयाचे कोणी आणि कसे? मोजणी चुकली, खालच्या नोकरांनी हात मारले, इंदापूरकडची कुळे शेते टाकून निघून गेली. अखेर १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तेथेच नव्याने पाहणी करून आकार खाली आणावा लागला. न मोजता येणाऱ्या नफ्यावर कर बसविला की तो गरिबावर पडतो, हे त्या काळाने शिकविले. आज आम्ही जो कर सुचविणार आहोत, त्याला हा धडा प्रथम लागू आहे.

आता आपल्या कायद्याने या वाढीबद्दल आजवर काय केले ते पाहू. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्याने एक तत्त्व स्पष्ट केले की, जमिनीचा आकार तिच्या वापराप्रमाणे राहील, आणि शेतीसाठी धारण केलेली जमीन दुसऱ्या कामी लावावयाची तर कलेक्टरची परवानगी पाहिजे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीनमहसूल संहितेने हेच तत्त्व पुढे चालविले. आणि पुढे परवानगीबरोबर रूपांतरकर नावाची एकवेळची रक्कमही घेण्याची तरतूद झाली. ही रक्कम बाजारातील वाढीशी जोडलेली नव्हती. ती बिगरशेती आकाराच्या काही पटीत ठरे, आणि तो आकार किमतीच्या मानाने अल्पच असे. म्हणजे ज्या क्षणी समाजाने केलेली वाढ मालकाच्या पदरात पडत होती, नेमक्या त्या क्षणी समाजाचा हात चिमूटभरच रक्कम उचलीत होता. उलट त्या परवानगीच्या कागदासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत आणि त्यात वर्षे जात. त्यामुळे लोकांनी परवानगीशिवायच गुंठे पाडले, आणि शेवटी २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करणे भाग पडले. पुढे २०१४ आणि २०१७ च्या दुरुस्त्यांनी ही वाट बरीच सोपी केली. विकास आराखड्यात जी जमीन रहिवासाची ठरली तिला निराळ्या परवानगीचे जोखड उरू नये, असा त्या दुरुस्त्यांचा रोख होता. कचेरीतील खेटे कमी झाले हे चांगलेच झाले. पण परवानगी सोपी करणे आणि वाढीतला वाटा सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

दुसरी वाट नगररचनेची. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने योजनेतील सर्व जमिनी एकत्र करून, रस्ते व मोकळ्या जागा काढून, उरलेले भूखंड मूळ मालकांना परत देण्याची पद्धत घातली. आणि योजनेमुळे किमतीत जी वाढ होईल तीतून काही भाग अंशदान म्हणून घ्यावयाचा असे ठरविले. १९६६ च्या नगररचना कायद्यातही वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेता येते. हे तत्त्व आम्हांस सर्वांत शहाणपणाचे वाटते. दुर्दैवाने आपल्या शहरांची बहुतेक वाढ अशा योजनांबाहेर, सुटी सुटी झाली.

तिसरी वाट आयकराची, आणि तिची कथा तर एखाद्या कीर्तनाच्या उत्तररंगासारखी रंगते. आपल्या राज्यघटनेत शेतीच्या उत्पन्नावर कर घेण्याचा अधिकार राज्यांकडे, इतर उत्पन्नावर केंद्राकडे. मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरचा कर १९४७ साली प्रथम आला, लवकरच गेला, आणि १९५६ साली प्राध्यापक काल्डोर यांच्या अहवालानंतर परत आला. त्यात शेतजमीन वगळली होती. १९७० साली लोकसभेने ठरविले की, दहा हजारांहून कमी नाही अशा वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीतील शेतजमीन, आणि हद्दीबाहेर आठ किलोमीटरपर्यंत सरकार जाहीर करील तेथील शेतजमीन, ही विकल्यास नफ्यावर कर द्यावा. यावर तंटा उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, शेतजमीन विकून आलेला नफा हाही जमिनीपासून मिळालेला महसूलच. तो शेतीचे उत्पन्न ठरतो, आणि केंद्राला तो करपात्र करता येत नाही. तेव्हा १९८९ साली संसदेने व्याख्येतच खुलासा घातला, आणि तो १९७० पासून लागू केला. २०१३ साली अंतरे वस्तीवरून ठरली. दहा हजारांवर लाखापर्यंत वस्ती असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, लाखावर दहा लाखांपर्यंत सहा, आणि त्यावर आठ. तीही पक्षी उडेल त्या सरळ रेषेने मोजावयाची. आयकराचा नवा कायदा २०२५ साली झाला, तरी चौकट मुळात हीच राहिली.

आता या चौकटीचा परिणाम पाहा. धरून चला की दोन शेजारी आहेत, दोघांचीही एक एक एकर वडिलार्जित जमीन. १ एप्रिल २००१ रोजी तिची किंमत दोन लाख होती आणि आज ती बेचाळीस लाखांस जाते. नफा चाळीस लाख. एकाचे शेत रेषेच्या आत, दुसऱ्याचे बांध ओलांडून बाहेर. २०२४ पासूनच्या साडेबारा टक्के दराने पहिल्यास उपकर सोडून पाच लाख द्यावे लागतील; दुसऱ्यास एक पैसाही नाही. माती तीच, पाऊस तोच, गिऱ्हाईकही कदाचित तेच! मग हद्दवाढीचे नाव निघताच भोवतालच्या गावांचे लोक मोर्चे का काढतात, हे वेगळे सांगावयास नको. अधिसूचनेवर सही होते त्या दिवशी शेतकऱ्याच्या विहिरीस पाणी वाढत नाही, त्याच्या दारी नळही येत नाही. पण त्याची जमीन कायद्याच्या नजरेत निराळी होते. शहर म्हणते, गावे आपमतलबी आहेत. आम्ही म्हणतो, ती हिशेबी आहेत.

कायद्याने शेतकऱ्यासाठी एक खिडकी ठेवली आहे, हेही सांगितले पाहिजे. रेषेच्या आतील जमीन विकणाऱ्याने किंवा त्याच्या आईबापांनी ती विक्रीपूर्वी दोन वर्षे स्वतः कसली असेल, आणि विक्रीनंतर दोन वर्षांत त्याने दुसरी शेतजमीन घेतली, तर तितक्या नफ्यावर कर नाही. तरतूद न्याय्य आहे. पण ज्याला लग्न आणि कर्ज यांसाठीच जमीन विकावी लागली, तो दुसरी जमीन कशातून घेणार? खिडकी आहे, पण ती उंचावर आहे. गरजवंताचा हात तेथे पोहोचत नाही. आणि रेषेबाहेरची सूट जी कसणाऱ्यासाठी म्हणून ठेवली, तिच्या सावलीत आमच्या हकिगतीतील मधले गृहस्थ सुखाने बसतात. सातबारा त्यांच्या नावे, ज्वारीची नोंद पक्की, रस्त्याची बातमी आधी कळलेली. त्यांची एकरी अठरा लाखांची वाढ कोणत्याच करात सापडली नाही. न्यायालये अशा व्यवहारांचे खरे रूप तपासतात. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सुरतेची एक जमीन आली. बिगरशेतीची परवानगी घेऊन ती गृहनिर्माण संस्थेस वाराच्या भावाने विकली होती, तेव्हा ती शेतजमीन उरली नाही असा निकाल झाला. पण प्रत्येक मळ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोण जाणार?

अन्यायाचा आणखी एक पदर आहे. ज्यांची जमीन भोगवटादार वर्ग दोनची, त्यांना विक्रीपूर्वी सरकारात नजराणा भरावा लागतो. वतने खालसा झाल्यावर फेरग्रँट झालेल्या अनेक जमिनींना, बिगरशेतीकडे जाताना, किमतीच्या निम्म्यापर्यंत नजराणा पडत आला. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीस मात्र २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या चाळीस पट भरले की भागते. आणि आकार हा रुपयाआण्यांत मोजण्याजोगा असल्याने चाळीस पट म्हणजे किरकोळच रक्कम. वर्ग एकच्या जमिनीस काहीच नाही. म्हणजे रस्त्यामुळे वाढलेला भाव तिघांचाही एकच. पण गावकीच्या चाकरीपायी ज्यांच्या पूर्वजांना जमीन मिळाली त्यांनी निम्मे द्यावे, आणि मोठ्या खातेदाराने काहीच देऊ नये! परिणाम काय होतो? अशा जमिनी उघड विकल्या जात नाहीत. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांवर त्या पडत्या भावाने हातोहात जातात, आणि नजराणा भरून त्या मोकळ्या करून घेणारा धनिक वाढीचा धनी होतो. कर जबर ठेवला की तो सरकारला मिळत नाही, गरीब मात्र त्याच्या भाराने स्वस्तात विकतो.

जबर कराची दुसरी साक्ष इंग्लंडची. १९४७ च्या कायद्याने तेथे विकासामुळे होणारी सगळी वाढ, शंभर टक्के, सरकारजमा करण्याचे ठरले. मालकांनी जमिनी विकणेच थांबविले, किंवा कराची रक्कम भावावर चढविली. १९५३ साली तो आकार रद्द झाला. १९६७ साली चाळीस टक्क्यांची आकारणी आली, ती सत्तापालटानंतर गेली. १९७६ साली ऐंशी टक्क्यांचा कर आला, तो १९८५ साली गेला. तीनदा आणले, तीनदा मोडले. प्रत्येक वेळी मालकांनी एकच केले. पुढच्या सरकारची वाट पाहिली. जमीन नासत नाही, तिला थांबता येते. म्हणून असा कर सौम्य असावा आणि टिकाऊ असावा. तो आज आहे आणि उद्या नाही, अशी आशा कोणास वाटता कामा नये.

आमच्या म्हणण्यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो मनाला भिडणारा आहे. शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या मालाचा भाव मिळाला नाही. आयुष्यात एकदा, तेही जमीन देऊन, त्याच्या हाती चार पैसे येतात, तर त्यातही समाज वाटा मागणार काय? ज्या शहराने त्याचा कांदा मातीमोल घेतला, त्याच शहराने आता न कमावलेल्या वाढीचे तत्त्वज्ञान सांगावे काय? हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. आमच्या चुलत्यांकडून कोणी त्या बारा लाखांतून काही मागितले असते, तर आम्हीच प्रथम भांडलो असतो. पण आक्षेप नीट पाहिला तर तो आमच्याच बाजूचा आहे. वाढीचा मोठा हिस्सा शेतकऱ्याला मिळतच नाही. तो मिळतो शेतकऱ्याने विकल्यानंतर. कर न घेण्याने जे वाचते ते त्याचे वाचत नाही. ज्याला रस्त्याची बातमी आधी कळते त्याचे वाचते.

शेतकऱ्याला वाढीत वाटेकरी करता येते, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. नवी मुंबईसाठी १९७० पासून रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. मोबदल्याचा असंतोष साचत गेला, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. पाच जिवांचे मोल देऊन एक तत्त्व मान्य करून घ्यावे लागले की, ज्याची जमीन गेली त्याला किमतीबरोबर वाढीतही हिस्सा हवा. दुसरा दाखला पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्याचा. तेथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपल्या चारशे एकरांहून अधिक जमिनी विकल्या नाहीत. एकत्र केल्या, स्वतःची कंपनी काढली, आणि २००० च्या सुमारास स्वतःच नगर वसविले. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा भाग. असे प्रत्येक गावी जमेल असे आम्ही म्हणत नाही. त्यास नेतृत्व लागते, भांडवल लागते आणि एकोपा तर लागतोच. पण वाट आहे, हे दिसले.

सक्तीच्या संपादनाबाबत कायदाही उदार झाला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळणाऱ्या मोबदल्यावर आयकर नाही, आणि २०१६ साली आयकर खात्यानेही तसे परिपत्रक काढले. हे योग्यच आहे. ज्याची इच्छा नसता जमीन गेली त्याच्याकडून पुन्हा कर घेणे क्रूरपणाचे होईल.

मग करावे काय? आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. शेतकऱ्याने शेतकऱ्यास कसण्यासाठी जमीन विकली तर तेथे नफ्याचा कर नसावा, मग ती रेषेच्या आत असो की बाहेर. किलोमीटरांची रेषा पुसावी आणि तिच्या जागी वापराची कसोटी ठेवावी. आराखडा बदलून किंवा परवानगी मिळून शेताचे बिगरशेती होईल, तेथे शेतीच्या भावावरील वाढीतून ठरावीक हिस्सा घ्यावा. आणि तो ज्याच्या हाती पैसा येतो त्याच्याकडून, पैसा येतो त्या वेळी घ्यावा. नुसता आराखडा बदलला म्हणून, न विकता कसत राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारात तलाठी उभा राहू नये. तो बोजा सातबाऱ्यावर असावा आणि विक्रीच्या दिवशी फिटावा. आराखडा जाहीर होण्यापूर्वीच्या दोनचार वर्षांत जमीन घेऊन विकणाऱ्यास जड हिस्सा असावा, आणि त्यातून काही भाग त्या मूळ शेतकऱ्यास मिळावा. तसे असते तर आमच्या चुलत्यांच्या लेकाला तो गुंठा इतका जड गेला नसता. वर्ग एक आणि वर्ग दोन यांतला भेद या करापुरता मिटावा. सर्वांना एकच माप असावे. भाव ठरविताना कोणाच्या मर्जीवर काही न ठेवता नोंदणी खात्याचे बाजारमूल्याचे तक्तेच प्रमाण मानावे, आणि ते तक्ते प्रामाणिकपणे तयार व्हावेत. नाहीतर प्रिंगलसाहेबाची गत होईल. आणि शेवटची गोष्ट, हा पैसा मुंबईस किंवा दिल्लीस न जाता त्याच गावाच्या पाण्यास, गटारास आणि शाळेस लागावा. शिवारातून घेतलेले शिवारात दिसले, तर हद्दवाढीचे मोर्चे निम्मे होतील.

यासाठी घटनेतील वाटणीचा प्रश्न आहे, केंद्र आणि राज्य यांना एकत्र बसावे लागेल, हे आम्ही जाणतो. परंतु नगररचना राज्याची, जमीन राज्याची, आणि वाढीतून अंशदान घेण्याचे तत्त्व तर १९१५ पासून आपल्या कायद्यात आहे. नवा शोध लावावयाचा नाही. जे आहे ते सरळ आणि सर्वांना सारखे करावयाचे आहे.

श्रोतेहो, आपणांपैकी पुष्कळांनी भूखंड घेतले असतील, काही घेण्याच्या विचारात असतील. त्यात गैर काही नाही; घर सर्वांना हवे. पण भूखंडाच्या कागदावर सही करताना त्या गुंठ्यात पूर्वी काय पिकत होते आणि ते पिकविणारा आज कोठे आहे, एवढे एकदा विचारावे. आमच्या चुलत्यांच्या मळ्यातील दोन आंब्यांपैकी एक आजही त्या वसाहतीच्या कोपऱ्यावर उभा आहे. त्याच्या सावलीत तेथील लोक गाड्या लावतात. तो कोणाचा म्हणून विचारले तर सर्वांचा म्हणतात. आंब्याच्या बाबतीत जे आपल्याला सहज पटते, ते जमिनीच्या वाढलेल्या मोलाबाबत पटावयास इतका वेळ का लागावा?

 ज्यांना आमचे म्हणणे पटले नसेल त्यांनी ते सभागृहाबाहेर अवश्य सांगावे. हा विषय व्याख्यानाने संपावयाचा नाही.